देवधरबाईंची लोकर

“नीट धर त्यांना. देवधरबाई आहेत त्या,” आत्या म्हणाली.

मी देवधरबाईंना नीट धरलं. त्या पांढऱ्याशुभ्र होत्या, अंगानं भरलेल्या होत्या आणि त्यांचे मागचे पाय माझ्या बरगड्यांत रुतले होते. आत्या लाकडी फणीनं त्यांच्या पाठीवरची लोकर अलगद उतरवत होती आणि शेजारच्या परातीत ठेवत होती. परातीत जणू ढग जमत चालला होता. नोव्हेंबरातली पाचगणीची सकाळ, पत्र्याच्या शेडमधून येणारं गार वारं, आणि माझ्या मांडीवर एक ससा. जाहिरातशास्त्राचा डिप्लोमा घेताना मी हे चित्र डोळ्यांपुढे आणलं नव्हतं.

“खऱ्या देवधरबाई कोण?” मी विचारलं.

“आमच्या हेडमिस्ट्रेस. स्वभाव थेट असाच. कुणी प्रेमानं जवळ गेलं की लाथ.”

बाकीच्या पिंजऱ्यांतही शाळेचा सगळा स्टाफ होता. पाठकबाई करड्या रंगाच्या, मिस डिकास्टा खादाड, आणि कोपऱ्यात सतत डोळे मिटून बसलेले ड्रॉइंगचे जोगळेकर सर.

माझी ही माणिकआत्या, म्हणजे मुलींच्या एका निवासी शाळेतल्या हस्तकलेच्या टिल्लूबाई. लग्न केलं नाही, जन्म पाचगणीत गेला. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं तिला रीतीप्रमाणे शाल आणि श्रीफळ दिलं. त्या थंडीत तिनं ती शाल खरोखरच पांघरली. हीच तिची चूक. पहाटे कुडकुडत उठून अंधारात ती शाल अंगावरून ओढली, तर तडतड ठिणग्या उडाल्या; नायलॉनची होती.

“आख्खी नोकरी केली आणि निरोपाला ठिणग्या,” ती सांगायची. “शाल होती, पण ऊब नव्हती. तेव्हाच ठरवलं.”

काय ठरवलं, तर फंडाच्या पैशांतून थेट हिमाचलातून अंगोरा जातीचे ससे मागवायचे. शाळेनं हस्तकलेचा तास बंद करून अडगळीत टाकलेला हातमाग तिनं उचलून आणला आणि शाली विणायला सुरुवात केली. शाली सुरेख होत्या, यात शंका नाही. हातात घेतली तर हातात काही आहे असं वाटायचं नाही. अडचण एवढीच, की त्या सगळ्या तिच्या ट्रंकेत होत्या.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्या थोरल्या भावानं, शेवटी निर्वाणीचं पत्र धाडलं होतं: संक्रांतीपर्यंत शाली विकल्या जायला लागल्या तर ठीक, नाही तर मुकाट्यानं पुण्याला आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला यायचं. आत्यानं ते मान्यही केलं. ससे मात्र पुण्याला येऊ शकत नव्हते. एप्रिलचं ऊन त्यांना आठवडाभरही झेपलं नसतं. मग ते जाणार कुठे? याचं उत्तर दर रविवारी पायी चालत येत असे. वळणावरच्या हॉटेलचे राजपुरे. गृहस्थ अत्यंत सभ्य.

“बाई, घाई नाही,” ते पिंजऱ्यापाशी वाकून म्हणायचे. “संक्रांतीपर्यंत थांबतो. ह्या पांढऱ्या बाई काय खातात?”

“गाजर आणि घास.”

“अंगाला लागतं हां त्यांच्या.” आणि ते देवधरबाईंकडे असं बघायचे, की एरवी लाथ मारणाऱ्या देवधरबाईही पाठ दाखवायच्या.

मला पाठवताना अण्णा म्हणाले होते, “तू जाहिरातीचं काहीतरी शिकलायस ना? बघ काही उपयोग होतो का. नाही झाला, तर ट्रंक उचलायला तरी होशील.”

आत्याच्या धंद्यातली पहिली अडचण मला दोन दिवसांत कळली. ती अडचण म्हणजे आत्या. मुंबईचं एक जोडपं बोर्ड वाचून आत आलं. बाईंनी शाल गालाला लावली आणि डोळे मिटले. मी मनातल्या मनात बिल फाडलं.

“पांघरणार कोण?” आत्यानं विचारलं.

“छे हो, प्रेझेंट द्यायचीय. नणंदेच्या एकसष्टीला.”

“नणंद कुठे असतात?”

“घाटकोपरला.”

“मग त्या काय पांघरणार!” आणि आत्यानं शाल घडी करून ट्रंकेत ठेवली. अगदी नम्रपणे.

“आत्या, गिऱ्हाईक होतं ते!” जोडपं गेल्यावर मी ओरडलो.

“होतं ना. पण थंडी वाजत नव्हती त्यांना.”

“थंडी वाजतेय का हे विचारून कुणी धंदा करतं का?”

“मकू, डॉक्टर विचारतात की नाही, कुठे दुखतंय म्हणून?”

मी विषय माझ्या हातात घेतला. टेबललँडवर, चिक्कीवाले आणि घोडेवाले यांच्या मधे, आमचा ठेला लागला. मी स्वतः पाटी रंगवली: ‘सशाच्या लोकरीची अस्सल शाल: स्पर्श करून पाहा!’ आकर्षण म्हणून टोपलीत देवधरबाईंना बसवलं. आकर्षण फारच झालं. लोकांनी स्पर्श केला, तो देवधरबाईंना. पोरांनी त्यांना चिक्की भरवली, एका नवविवाहितेनं त्यांना मांडीवर घेऊन फोटो काढला आणि लाथ खाल्ली. एका गृहस्थानं दोन बोटांनी मान चाचपून “किलोनं देता का नगावर?” असं विचारलं. शालीला हात लावला तो फक्त एका काकूंनी. त्यांनी घडी उलगडली, पदराच्या टोकानं चष्मा पुसून वीण न्याहाळली आणि प्रामाणिक आश्चर्यानं म्हणाल्या,

“शाल काय विकत घ्यायची वस्तू आहे? आमच्याकडे कपाट भरलंय.”

मी उन्हात उभा होतो आणि मला जाहिरातशास्त्राचा साक्षात्कार झाला. काकूंचं म्हणणं खरं होतं. मराठी माणूस शाल विकत घेत नाही. शाल त्याला मिळते. निवृत्ती, एकसष्टी, पंचाहत्तरी, मुलगा बोर्डात आला, सून डॉक्टर झाली, काहीच नाही झालं तर व्याख्यान दिलं. आपल्याकडे शाल हे वस्त्र नाही, तो कार्यक्रम आहे. मग ती घेणाऱ्याला विकण्यात काय अर्थ? देणाऱ्याला विकायला हवी.

देणारा शोधायला लांब जावं लागलं नाही. पसरणीचा घाट उतरलं की वाई, आणि वाईत मनोहरपंत ठोसर. ते एका व्याख्यानमालेचे कार्यवाह होते, एका ग्रंथालयाचे विश्वस्त होते, ज्येष्ठ नागरिकांचे सचिव होते, आणि उरलेल्या वेळात सत्कार समित्यांचे निमंत्रक होते. पंचक्रोशीत कुणाला साठ वर्षं पूर्ण होताहेत, हे त्या माणसाच्या बायकोच्या आधी ठोसरांना माहीत असे.

त्यांनी शाल गालाला लावली. मग दुसऱ्या गालाला लावली.

“ससा म्हणता? म्हणजे... हत्या वगैरे?”

“छे, छे. नुसता विंचरायचा.”

“वा! म्हणजे अहिंसक शाल!” ठोसर उठून उभेच राहिले. “हे मी प्रास्ताविकातच सांगतो. पुढच्या रविवारी निवृत्त मामलेदारांचा सत्कार आहे. किती आहेत तुमच्याकडे?”

ट्रंकेतल्या होत्या तेवढ्या सगळ्या गेल्या आणि वर एकीची मागणी आली. वेळ कमी होता, म्हणून हातमागावर थोडा वेळ मीही बसलो. माझ्या वाट्याला एका बाजूची किनार आली. ती सरळ निघाली, मध्येच तिला काहीतरी आठवलं, ती आत वळली आणि पुन्हा बाहेर आली. पसरणीच्या घाटासारखी.

“उसवू का?” मी ओशाळून विचारलं.

आत्यानं चष्मा वर सरकवून बघितलं. “राहू दे. कुणीतरी विणलीय एवढं तरी कळेल.”

मग आमचे दिवस पालटले. कार्यक्रमाच्या दिवशी मी शाल घेऊन घाट उतरायचो. ठोसर ‘अहिंसक’ म्हणायचे, टाळ्या पडायच्या, सत्कारमूर्ती भारावायची. साताऱ्याहून विचारणा आली, कऱ्हाडहून आली. राजपुऱ्यांच्या रविवारच्या फेऱ्या थंडावल्या. अण्णांना मी ऐटीत पोस्टकार्ड टाकलं. मी आनंदात परत यायचो, आणि आत्या मागावरून मान न उचलता एकच प्रश्न विचारायची.

“पांघरली का रे त्यांनी?”

“घातली की खांद्यावर.”

“किती वेळ?”

“फोटो होईपर्यंत.”

“मग?”

“मग काढून, घडी करून टेबलावर. तसंच करतात, आत्या. जगात सगळीकडे.”

“जगात सगळीकडे,” ती म्हणायची आणि धोटा पलीकडे सरकवायची.

आणि डिसेंबर उजाडला तशा मागण्या थांबल्या. कमी झाल्या नाहीत, थांबल्या. नळ बंद करावा तशा. सत्कार मात्र जोरात चालू होते, वर्तमानपत्रांत फोटो येत होते. ट्रंक पुन्हा भरत गेली. राजपुरे पुन्हा येऊ लागले. आता त्यांच्या हातात देवधरबाईंसाठी गाजर असे, आणि तेच मला जास्त भीतिदायक वाटे.

मी घाट उतरलो. ठोसर सभागृहात होते, एका निवृत्त पोस्टमास्तरांचा सत्कार चालू होता. मी मागच्या खुर्चीवर टेकलो. अध्यक्षांनी शाल उलगडली आणि पोस्टमास्तरांच्या खांद्यांवर घातली. पांढरी, मऊ, हलकी. आणि डाव्या खांद्यावरून खाली येणारी किनार आत वळली आणि पुन्हा बाहेर आली.

हीच शाल मी मामलेदारांना दिली होती.

“हो, तीच,” ठोसर म्हणाले. कार्यक्रमानंतर आम्ही चहा पीत होतो आणि त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. “मामलेदारांनी व्याह्यांच्या एकसष्टीला दिली. व्याह्यांनी त्यांच्या डॉक्टरांना. डॉक्टरांच्या आईनं ग्रंथालयाच्या शताब्दीला आणून दिली. तिथून माझ्याकडे.”

“पण का?”

“अहो, वस्तू उत्तम आहे म्हणून! वाईट शाल लोक मोलकरणीला देतात, नाही तर इस्त्रीखाली अंथरतात. इतकी चांगली शाल कोण वापरेल? ती ठेवणीत जाते. आणि ठेवणीतली वस्तू द्यायलाच असते.” त्यांनी बशीत चहा ओतला. “तुमच्या जेवढ्या शाली आहेत ना बाहेर, तेवढ्या सातारा जिल्ह्याला पुढची वीस वर्षं पुरतील. काय टिकाऊ माल आहे!”

मी चहा न पिताच कप खाली ठेवला, तसं ठोसरांना वाईट वाटलं. माणूस मनानं चांगला होता. वाईट वाटलं की ते एकच गोष्ट करत.

“असं करू,” ते म्हणाले, “बाईंचाच सत्कार करू. पाचगणीत. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी.”

“आणि शाल?”

“शाल आहे की.”

मी घरी जाऊन आत्याला सत्काराचं सांगितलं. शालीचं सांगितलं नाही. ट्रंक कशी उचलायची याचा विचार करत मी ते दिवस काढले.

पाचगणीत त्या संध्याकाळी अशी थंडी होती, की सभागृहात बसलेल्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. वाईहून एक गाडी भरून मंडळी आली होती: मामलेदार, त्यांचे व्याही, डॉक्टर, पोस्टमास्तर. सत्कार झालेली माणसंच सत्काराला येतात. राजपुरेही आले होते, चहा त्यांच्या हॉटेलचा होता. आत्या व्यासपीठावर नऊवार नेसल्यासारखी ताठ बसली होती, नेसली होती मात्र साधी पाचवारी, फिकट निळी. अध्यक्षांनी शाल घातली. टाळ्या पडल्या. मी आत्याच्या हाताकडे बघत होतो. तिचं बोट सवयीनं किनारीवरून फिरलं आणि मध्येच थांबलं. आत वळलं. बाहेर आलं.

तिनं समोर माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

फोटो झाला. रीतीप्रमाणे एक स्वयंसेविका शालीची घडी करायला पुढे आली. आत्यानं शालीची दोन्ही टोकं मुठीत धरली आणि मान हलवली. मग तिला चार शब्द बोलायला सांगितलं. ती उठली. टिल्लूबाई वर्गात उभ्या राहायच्या तशी.

“मी भाषण करणार नाही,” ती म्हणाली. “फक्त एक विचारते. ही शाल माझ्या आधी ज्यांना ज्यांना मिळालीय, त्यांनी हात वर करा.”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. पण बाईंचा आवाज असा होता, की तो ऐकल्यावर हाताला आपण होऊनच वर जावंसं वाटे. पहिला हात मामलेदारांचा गेला. मग व्याह्यांचा. डॉक्टरांचा. पोस्टमास्तरांनी दोन्ही बाजूंना बघत बोटभर वर केला. शेवटी ठोसर, व्यासपीठावरून, माईकच्या आडून.

“छान. आता यातल्या ज्यांनी ती पांघरली, त्यांनी हात वरच ठेवा.”

सगळे हात खाली आले.

“बसा,” आत्या म्हणाली. ते सगळे बसलेलेच होते, तरी जरा सावरून बसले. आणि ती शाल अंगाभोवती आणखी घट्ट लपेटून आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

ठोसर तिच्या कानाशी वाकले. मी पुढच्या रांगेत होतो, मला ऐकू आलं. “बाई, ते पुढच्या रविवारी कऱ्हाडला एका कवींचा...”

“मला थंडी वाजतेय, मनोहरपंत,” आत्या म्हणाली.

त्या एका वाक्यानं जिल्ह्यातली एक शाल चलनातून बाद झाली.

घरी आम्ही चालतच गेलो. सिल्व्हर ओकची झाडं वाऱ्यानं झोडपून निघत होती. मी माफी मागायची तयारी करत होतो, पण आत्या रागावलेली दिसत नव्हती. ती हळू चालत होती. शाळेच्या फाटकापाशी ती थांबली.

“ऊब आहे रे हिला,” ती म्हणाली.

“म्हणजे? तुला माहीत नव्हतं?”

“कसं माहीत असणार? मी कधी पांघरली नव्हती.” ती जरा हसली. “म्हटलं, विकायची आहे ना. आपण कशी वापरायची? ठेवणीत ठेवली. मी तरी काय वेगळं केलं?”

मग मला तो तिचा प्रश्न कळला. ती इतके दिवस गिऱ्हाईकांची चौकशी करत नव्हती. तिला एकाच गोष्टीचा पत्ता हवा होता, आणि सांगायला कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सशांना घास घालून आली आणि दूध तापवायला पातेलं घेतलं. ते तसंच हातात धरून माझ्यासमोर आणून ठेवलं.

“वाच.”

पातेल्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: ‘चि. माणिक हिला मामाकडून सप्रेम भेट.’

“मी मॅट्रिक झाले तेव्हाचं आहे,” आत्या म्हणाली. “उत्तम पातेलं आहे. पण आजवर कुणालाही देता आलं नाही. का?”

मी काठावरचं नाव पुन्हा वाचलं. अख्खा महाराष्ट्र भांड्यांवर नावं घालतो आणि मला ते डिप्लोम्यात कुणी शिकवलं नव्हतं.

त्याच दिवशी मी घाट उतरलो. ठोसरांना सांगितलं, की टिल्लूबाई यापुढे सत्कारमूर्तीचं नाव विणल्याशिवाय शाल देणार नाहीत.

“नाव?” ठोसरांचा चेहरा पडला. “पण मग पुढे...”

“पुढे काय?”

पुढे काय, ते त्यांना मोठ्यानं म्हणता येईना. सत्कारात काही गोष्टी मोठ्यानं म्हणायच्या नसतात. त्यांनी दोन दिवस टाळाटाळ केली. पण कऱ्हाडचे कवी तोंडावर आले होते, आणि ‘आपल्या नावाची शाल विणली जात आहे’ ही बातमी कुणीतरी कवींपर्यंत पोचवली होती. कुणी, ते सांगत नाही. मी जाहिरातीचा विद्यार्थी होतो. ज्या माणसाला आपलं नाव शालीवर दिसणार आहे हे कळलं, त्याला बिननावाची शाल देऊन बघा. कवींनी ठोसरांना निरोप धाडला, की नाव टोपणनावासह असावं. त्यानंतर साध्या शालीवर कुठला सत्कारमूर्ती तयार होईना. मामलेदारांनी स्वतःसाठी वेगळी सांगितली, कारण पोस्टमास्तरांनी सांगितली होती.

संक्रांतीच्या सकाळी राजपुरे आले. हातात गाजर नव्हतं.

“तिळगूळ घ्या,” आत्या वाटी पुढे करून म्हणाली, “आणि माझ्या सशांबद्दल बोलू नका.”

“नाही बोलत.” राजपुऱ्यांनी तिळगूळ तोंडात टाकला, पिंजऱ्याकडे बघणं निग्रहानं टाळलं आणि म्हणाले, “बाई, एक शाल पाहिजे होती.”

“पांघरणार कोण?”

“आई. संधिवात आहे तिला. रात्र रात्र बसून असते.”

आत्या आत गेली आणि ट्रंकेतली सगळ्यात दाट विणीची शाल घेऊन आली. “नाव काय आईंचं?”

“अनसूया. पण नाव कशाला बाई? आमच्याकडे कोण नेतंय!”

“असू दे,” आत्या म्हणाली. “त्यांना वाचायला.”

मी पुण्याला एकटाच परतलो. अण्णांनी दारात माझ्या मागे ट्रंक शोधली आणि मग नुसतं “हं” म्हणाले.

आत्याचा कारखाना कधी मोठा झाला नाही. देवधरबाई गेल्या, दुसऱ्या देवधरबाई आल्या, त्याही लाथा मारायच्या. ती पाचगणीतच राहिली, जोवर गुडघ्यांनी साथ दिली तोवर. मग शेवटचे ससे तिनं, पहिले ज्याच्याकडून आले होते त्या हिमाचलच्या माणसाला परत पाठवले आणि आपण होऊन माझ्याकडे आली. अण्णा तेव्हा नव्हते. तिसऱ्या मजल्यावर, भर मार्चात, ती पंखा लावायची आणि वरून ती वाकड्या किनारीची शाल पांघरायची.

“आत्या, उकडत नाही?”

“पंखा लावलाय ना.”

एकदा तिनं माझ्याकडून सुईत दोरा ओवून मागितला. नजर गेली होती, पण बोटं शाबूत होती. किनार जिथे आत वळते, तिथे ती दुपारभर काहीतरी भरत बसली. मी काय ते विचारलं, तर म्हणाली, “गप्प बस. तू मोठा होशील, तुझे सत्कार होतील. लोक शाली देतील, तू त्या पुढे देशील. तुला काय मी ओळखत नाही?”

तिचं म्हणणं खरं ठरलं. मी चार विनोदी पुस्तकं लिहिली, त्यामुळे माझे सत्कार झाले. ज्या शाली मिळाल्या त्या कुठे कुठे आहेत, हे मी साधारण सांगू शकतो. एक तर नुकतीच पुन्हा भेटली.

ही शाल मात्र कुणाला देता येत नाही. ‘चि. मकू यास,’ असं तिच्यावर लिहिलंय. आज सकाळी पुण्यात पंखा लावण्याइतकंही उकडत नव्हतं. तरी मी पंखा लावला.